आख्खा भोपळा

फोड मागायला गेले होते, अर्धा किलो, नेहमीसारखी.
कोपरखैरण्याच्या मंडईत ठमाबाय म्हणाली,
"आख्खाच घे ना बाय, फोरी संपल्या."
तर हा आला घरी, पाच किलोचा,
रिक्षात माझ्या शेजारी बसून,
प्रत्येक वळणाला अंगावर रेलत.

ऑर्डर आहे सीवूड्सच्या बाविसाव्या मजल्यावरून.
जुईली, सहा वर्षं कॅनडात राहून आलेली:
मसाला घातलेल्या भोपळ्याच्या कुकीज,
दोन-दोनच्या जोड्या, मध्ये क्रीम,
चाळीस नग, शनिवारपर्यंत.
"काकू, तिकडे या दिवसांत झाडं लाल होतात सगळी,"
एवढं म्हणाली
आणि फोनवर बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
इकडे लाल झालं होतं
ते माझ्या मानेवरचं घामोळं.

आता हा ओट्यावर बसलाय.
आमच्यात आख्ख्या भोपळ्याला बाईने सुरी लावायची नसते.
आधी पुरुषाने एक घाव घालायचा, मग खुशाल चिरा.
का, ते सासूबाईंनी कधी सांगितलं नाही.
तेवीस वर्षं हे उठायचे पेपर बाजूला ठेवून,
एक घाव घालायचे,
सुरी तशीच अडकलेली सोडून
परत पेपर.
स्वयंपाकघरातलं त्यांचं तेवढंच काम.
ते गेल्यापासून मी फोड आणते.
पहिला घाव कुणाचा, विचारत नाही.
(ठमाबाय रोज कोयत्याने दहा फोडते.
तिचं काही अडलेलं दिसत नाही:
तीन मुलगे, एक टेम्पो.)

वॉचमनला हाक मारायला गॅलरीत गेले.
तो टँकरवाल्याशी भांडत होता.
थोडा वेळ थांबले.
मग आत आले, आणि लावली.

सुरी शिरली बोटभर, आणि अडकली.
वरून खलबत्त्याचा दस्ता हाणला.
तीनदा.
आत ओला, केशरी, तारातारांचा अंधार.
काही झालं नाही.
फ्रिज घुरघुरला, तो नेहमीच घुरघुरतो.

पहिला घाणा फसला.
भोपळ्याला पाणी सुटलं,
कुकीज कसल्या, न तळलेले घारगेच ते.
मग गर आटवला, पंचात बांधला,
आणि रात्रभर एका नळाला चक्का, दुसऱ्याला भोपळा,
दोन पुरचुंड्या ठिबकत राहिल्या,
आपापल्या तालात.

सुंठ. दालचिनी. चार लवंगा.
जायफळ थोडंच, झोप येते म्हणून,
मग आणखी थोडं, झोप येत नाही म्हणून.
मैद्यात मूठभर कणीक, गूळ चिकीचा नव्हे, साधा.
साखरेच्या क्रीमऐवजी चक्का, वेलची घालून:
जुईलीला विचारलं नाही. खाल्ल्यावर कळेल.

ओव्हन तापला की घरात बसवत नाही.
रात्री दार उघडं टाकलं
तर रस्त्याकडेची सातवीण आत आली, सगळीच्या सगळी,
दालचिनीला खेटून उभी राहिली.
सोसायटीत तिच्याविरुद्ध अर्ज फिरतोय,
वासाने डोकं दुखतं म्हणून.
माझ्याकडे दोनदा आला.
मी पेन सापडत नाही म्हणाले.
पानं लाल करत नसेल,
पण हे दिवस आलेत हे तिला
माझ्याआधी कळतं.

एकसारख्या दोन कुकीज एकही जुळेना.
एक फुगलेली, एक बसकी, एकीची कड करपलेली.
जोड्या लावता लावता दीड वाजला.
जमतील तशा लावल्या.
चक्क्याने धरून ठेवल्या.

शनिवारी ड्रायव्हर येऊन डबे घेऊन गेला.
संध्याकाळी मेसेज: "काकू, तिकडच्यासारख्या नाहीत."
खाली दुसरा: "अजून वीस मिळतील?"

उरलेला अर्धा भोपळा मजल्यावर वाटला.
बिया धुऊन गॅलरीत वाळत घातल्या,
आजच्याच पेपरवर, न वाचलेल्या.
दुपारी कावळा आला,
मान वाकडी करून पाहिलं,
एक बी उचलली.
गेल्या महिन्यात पंधरवड्यात
खीर-वडे ठेवून हाका मारत होते,
तेव्हा फिरकला नव्हता.